परदेशी ग्रुप टूर नेताय? पहिल्यांदा निघणाऱ्या सोलापुरी लीडरसाठी

तिरुपती, काशी, चारधाम असं दोन-चार वेळा नीट करून आणलं की सोलापुरात माणसाच्या मागे पुढचा तगादा लागतो. "आता दुबई काढा की!" भिशीतून, ज्येष्ठ नागरिक संघातून, शाळेच्या जुन्या बॅचमधून, समाजाच्या मंडळातून. आपल्याकडचे बहुतेक लीडर असेच तयार होतात. हा लेख अशा पहिलटकरांसाठी आहे, मग तो काका असो की काकू. महिला मंडळांच्या सहली बायकाच जास्त शिस्तीत नेतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे हे लीडरला पाठ नसलं तरी चालतं, ते सांगायला तिथे गाईड असतो. कोणत्या मावशींच्या पासपोर्टवर आडनाव नाही, कोणाला इन्सुलिन लागतं, कोणत्या दोन जावा एका खोलीत ठेवायच्या नाहीत, हे मात्र लीडरशिवाय कोणालाच माहीत नसतं. परदेशात जे बिघडतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा सोलापुरातच असतं. म्हणून इथे घरच्या तयारीवर जास्त लिहिलं आहे आणि तिकडे काय बघायचं यावर जवळपास काहीच नाही.

पायरी १ : देश, महिना, माणसं

पहिल्याच फटक्यात युरोप काढू नका. दुबई-अबुधाबी, थायलंड किंवा सिंगापूर-मलेशिया यातलं एक घ्या. मुंबईहून दुबई साधारण साडेतीन तास, बँकॉक साडेचार, सिंगापूर साडेपाच. भारतीय जेवण सहज मिळतं, आणि कोणाला घरी परत पाठवायची वेळ आलीच तर त्याच दिवशी विमान मिळू शकतं. युरोपात रोज नवं हॉटेल, रोज बॅगा चढवा-उतरवा, आणि व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाला आधी मुंबई-पुण्याला जावं लागतं. दोन-तीन सहली झाल्यावर त्याकडे वळा.

महिना ठरवताना लोक 'मे' म्हणतील, कारण नातवंडांना सुट्टी असते. मे महिन्यातली दुबई म्हणजे आपलंच ऊन, वर समुद्राची दमट हवा. ग्लोबल व्हिलेजसारखी ठिकाणं तर उन्हाळ्यात बंदच असतात. दुबई नोव्हेंबर ते मार्च. त्यातही जानेवारीचा मधला आठवडा सोडा, गड्ड्याच्या यात्रेत आणि नंदीध्वजाच्या मिरवणुकीच्या वेळी अस्सल सोलापूरकर गाव सोडत नाही. आषाढीच्या आसपास पंढरपूरच्या बाजूचे लोक मिळणार नाहीत, हेही धरून चाला.

पहिल्या वेळेला पंधरा ते वीस माणसं पुरे. चाळीस जण जमले म्हणून हुरळून जाऊ नका, चाळीस माणसं एका लीडरकडून फक्त मोजून होतात, सांभाळून होत नाहीत. विमान कंपन्या साधारण दहा किंवा त्याहून जास्त प्रवासी असले की ग्रुप बुकिंग धरतात. सगळ्यांना एकच दर मिळतो आणि नावं थोडी उशिरा दिली तरी चालतात. पण आगाऊ रक्कम आणि रद्द करण्याच्या अटी कडक असतात. त्या अटी आधी वाचा, मगच लोकांकडून होकार घ्या.

पायरी २ : पैसा कोणाच्या खात्यात?

तुमच्या खात्यात नाही. हे वाक्य दोनदा वाचा.

सोलापुरात विश्वासावर लाखांचे व्यवहार होतात, भिशी त्यावरच चालते. पण परदेशी सहलीच्या पॅकेजवर जीएसटी असतो, शिवाय टीसीएस (विक्रीच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर) कापला जातो आणि तो ज्याच्या पॅन क्रमांकावर जमा होतो त्याला प्राप्तिकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. सगळ्यांचे पैसे तुमच्या बचत खात्यातून गेले तर हा सगळा गुंता तुमच्या गळ्यात. नोंदणी असलेली ट्रॅव्हल कंपनी गाठा. प्रत्येकाने आपापले पैसे थेट तिच्या खात्यात भरावेत आणि आपल्या नावाची पावती घ्यावी. टीसीएसचे दर बदलत असतात, त्यामुळे त्या वेळचा दर सीएला विचारून मगच किंमत जाहीर करा.

किंमत सांगताना 'वरचे पैसे' लपवू नका. व्हिसा, विमा, सोलापूर-मुंबई प्रवास, टिप, दुपारची जेवणं, एकट्याला वेगळी खोली हवी असेल तर तिचा फरक, हे सगळं एका कागदावर लिहून द्या. स्वस्त आकडा सांगून नंतर तीन वेळा हात पुढे करणारा लीडर दुसरी सहल काढू शकत नाही. रद्द केल्यास किती परत मिळतील तेही तारखांसह लिहा आणि त्यावर सही घ्या, सख्खा मेहुणा असला तरी.

ठराविक संख्येमागे कंपनी लीडरला एक जागा फुकट देते. ती घेण्यात गैर काही नाही, मेहनत तुमचीच आहे. पण पहिल्याच बैठकीत सांगून टाका. नाहीतर तिसऱ्या दिवशी बसच्या मागच्या सीटवर त्याचीच चर्चा चालते.

पायरी ३ : पासपोर्ट, शांतपणे

पैसे घेण्याआधी पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत मागा. फोनवर "आहे हो पासपोर्ट" म्हणणाऱ्यावर विसंबू नका. आहे, पण संपलेला आहे, असं हमखास एक तरी घर निघतं.

आधी मुदत बघा. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक हवेत. बहुतेक आशियाई देश हेच मागतात. शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा, नियम थोडा वेगळा आहे : पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा आणि तिथून निघाल्यावर पुढे तीन महिने चालणारा हवा. पण सगळ्यांसाठी सहा महिन्यांचीच पट्टी लावली की डोकं शांत राहतं.

मग नाव. जुन्या पासपोर्टांत, विशेषतः आजी-मावश्यांच्या, आडनावाचा रकाना रिकामा असतो आणि फक्त 'सुशीलाबाई' असं एकच नाव असतं. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून टुरिस्ट व्हिसावर असं एकच नाव असलेल्यांना प्रवेश बंद केला आहे. म्हणजे दुबईची सहल असेल तर त्या मावशींचा पासपोर्ट आधी दुरुस्त झाला पाहिजे. लग्नाआधीचं आणि नंतरचं आडनाव हाही नेहमीचा घोळ. तिकीट पासपोर्टवरच्या नावाने निघतं, आधारवरच्या नाही, लग्नपत्रिकेवरच्या तर नाहीच. नावातलं एक अक्षर चुकलं तरी दुरुस्तीला पैसे पडतात.

तिसरी गोष्ट, ईसीआर, म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' हा शेरा. आपल्याकडे यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरांतले अनेक जण दहावीपर्यंत पोचलेले नसतात, त्यांच्या पासपोर्टवर हा शेरा असतो. तो नोकरीसाठी ठराविक देशांत जाणाऱ्यांकरता आहे. फिरायला जाताना वेगळी परवानगी लागत नाही. तरी इमिग्रेशनच्या टेबलावर अशा माणसाला चार प्रश्न जास्त विचारले जातात. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि व्हिसा यांचे छापील कागद त्याच्या हातात द्या, आणि रांगेत तुम्ही त्याच्या मागे उभे राहा. वयाची पन्नाशी ओलांडली असेल तर नवा पासपोर्ट ईसीआरशिवाय मिळतो, म्हणून नूतनीकरण जवळ आलं असेल तर सहलीआधीच करून घ्या.

सोलापूर जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. अर्ज, पोलिस पडताळणी आणि पोस्ट यात वेळ जातो. नवा पासपोर्ट किंवा दुरुस्ती असेल तर सहलीच्या तीन महिने आधीच हात घाला. अल्पवयीन नातवंड आजी-आजोबांबरोबर येत असेल तर दोन्ही पालकांचं संमतिपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत जवळ असू द्या.

पायरी ४ : व्हिसा आणि त्याची भावंडं

व्हिसामाफीच्या बातम्या व्हॉट्सॲपवर फिरतात. थायलंडने जुलै २०२४ मध्ये भारतीयांना ६० दिवसांची माफी दिली, मलेशियाने डिसेंबर २०२३ मध्ये ३० दिवसांची. अशा सवलती सरकारच्या मर्जीने वाढतात आणि आटतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघायचं. शिवाय व्हिसा नाही म्हणजे कागदच नाही असंही नाही. थायलंडला १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. सिंगापूर आणि मलेशियाचीही अशीच कार्डं आहेत. साधारण शेवटच्या तीन दिवसांत ती ऑनलाइन आणि फुकट भरायची असतात. पैसे मागणारी साइट दिसली की ती खोटी समजा. वीस जणांची कार्डं भरायला एक अख्खी दुपार लागते, त्या दुपारी दुसरं काम ठेवू नका. सिंगापूरला भारतीयांना व्हिसाही लागतो, नुसत्या कार्डावर भागत नाही.

शेंगेन व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो. प्रौढांना शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे.

विमा बाकी देशांना सक्तीचा नसला तरी माझ्या लेखी सक्तीचाच आहे. विमा नको म्हणणाऱ्याला घेऊन जाऊ नका. फॉर्ममध्ये मधुमेह, रक्तदाब, अँजिओप्लास्टी खरी-खरी लिहायला लावा. 'लिहिलं तर हप्ता वाढेल' म्हणून लपवलेला आजार दाव्याच्या वेळी नेमका वर येतो. पॉलिसीवरचा चोवीस तासांचा मदत क्रमांक तुमच्या मोबाइलमध्ये आणि एका कागदावरही हवा.

औषधं मूळ पाकिटातच, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, सहलीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त. निम्मी हँडबॅगेत. इन्सुलिन कायम हँडबॅगेतच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक गोळी अमिरातीत नियंत्रित औषधांत मोडते, पूर्वपरवानगीशिवाय ती नेऊ नये. पुडीत बांधलेलं, लेबल नसलेलं चूर्ण घरीच राहू द्या.

पायरी ५ : एक बैठक, निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी

कोणाच्या तरी गच्चीवर किंवा मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्यांना एकत्र बसवा. ऑनलाइन बैठक चालत नाही, ज्यांना सांगायचं ते त्यात म्यूटवर झोपतात. बैठकीत तीन कामं करायची.

पहिलं काम नंबर देणं. प्रत्येकाला एक क्रमांक, सहल संपेपर्यंत तोच. बसमध्ये बसल्यावर तुम्ही डोकी मोजायची नाहीत, त्यांनी एकेक करून आपला आकडा म्हणायचा. वीस आवाज आले की बस हलली. बँकेतून निवृत्त झालेल्या मोठ्या साहेबांना सुरुवातीला हे शाळेसारखं वाटतं, दुसऱ्या दिवसापासून तेच सगळ्यांत मोठ्याने ओरडतात. दुसरं काम खोल्यांच्या जोड्या लावणं. घोरणारे, पहाटे चारला उठून नामस्मरण करणारे, एसी सोळावर लावणारे, सगळं उघड विचारा. हसतखेळत विचारलं की लोक सांगतात. तिसरं काम म्हणजे वेळेचा नियम. ठरलेल्या वेळेनंतर दहा मिनिटं थांबणार, मग बस निघणार, राहिलेल्याने टॅक्सीने यायचं. हा नियम मंडळाच्या अध्यक्षांनाही लागू. पहिल्या दिवशी एकदा पाळला की पुढे लागत नाही.

फोनबद्दलही याच बैठकीत बोला. अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, पण व्हॉट्सॲप कॉल चालत नाही. हे आधी नाही सांगितलं तर पहिल्या रात्री अर्धा ग्रुप 'फोन बिघडला' म्हणून तुमच्या दारात उभा राहतो, आणि इकडे सोलापुरात मुलं काळजीत. रोमिंग पॅक कोणी घ्यायचा ते घरागणिक ठरवा. पैशांचंही तसंच : थोडी रोख, बाकी फॉरेक्स कार्डावर. दुकानात कार्ड घासताना 'रुपयांत की इथल्या चलनात?' असं विचारलं तर तिथल्या चलनात म्हणायचं. रुपयांत घेतलं की दर जास्त लागतो.

पायरी ६ : फराळाची पिशवी

सोलापुरी माणूस कपडे विसरेल, शेंगाचटणी विसरणार नाही. आणि खरं सांगायचं तर प्रवासाला याहून चांगला डबा नाही. ज्वारीची कडक भाकरी आठवडा-दोन आठवडे टिकते, चटणीला फ्रिज लागत नाही, आणि तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या ब्रेड-बटरला कंटाळलेल्या आजींना त्याच्या चार घासांनी हुशारी येते. चटणी घट्ट झाकणाच्या डब्यात, वर दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या. शेंगापोळी, धपाटे पहिल्या दोन दिवसांपुरतेच.

पण काय न्यायचं नाही हे जास्त महत्त्वाचं. खसखस! अमिरात आणि सिंगापूर तिला अफूच्या झाडाचं बी म्हणून अमली पदार्थांच्या यादीत धरतात. अनारशांवरची खसखस आणि घरच्या मसाल्यातली खसखसही त्यात आली. "एवढीशीच आहे" हा बचाव तिथे चालत नाही. अनारसे, घरचा मसाला, खसखस घातलेले लाडू, सगळं इथेच. दुबईत भाची राहते म्हणून ओटी नेणाऱ्या काकू असतात. त्यात विड्याची पानं असतात, ती अमिरातीत चालत नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलकट आणि पेट घेणाऱ्या म्हणून चेक-इन सामानात मनाई आहे. ओटीला ब्लाऊजपीस आणि तांदूळ बास.

मावा आणि तंबाखू हा नाजूक विषय, पण टाळू नका. सिंगापूरमध्ये चघळण्याची तंबाखू नेण्यावर बंदी आहे, च्युइंगगमवरही १९९२ पासून आहे. खिशातल्या पुडीसाठी माणूस कस्टमच्या खोलीत बसला की अख्खा ग्रुप बाहेर ताटकळतो. पुरुषमंडळींना बाजूला घेऊन, त्यांच्या घरच्यांसमोर नाही, स्पष्ट सांगा.

युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी नाही. विमानातलं शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगच्या वेळीच नोंदवा, आयत्या वेळी हवेत मिळत नाही. आणि उपवास! सहलीच्या तारखा पंचांगाशी ताडून एकादशी, चतुर्थी, मार्गशीर्षातले गुरुवार टिपून ठेवा. हॉटेलच्या नाश्त्याला फळं, दही, उकडलेला बटाटा मिळतोच, आदल्या रात्री सांगितलं की झालं.

हॉटेलच्या खोलीत चहाची किटली असते, तिच्यात चहाच करायचा, मॅगी नाही. सकाळच्या पूजेला उदबत्ती लावायची नाही. धुराचा भोंगा वाजला तर पूर्ण मजला खाली उतरतो आणि दंड खोलीच्या बिलावर येतो.

पायरी ७ : सोलापूर ते विमानतळ

याच टप्प्यावर नवे लीडर सगळ्यांत जास्त घाम गाळतात. मुंबईला रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस आहे, आणि १० फेब्रुवारी २०२३ पासून सकाळची वंदे भारत, जी साधारण साडेसहा तासांत पोचवते. नियम एकच : गाडी आणि विमान यांच्यात किमान सात-आठ तास. रात्रीचं विमान असेल तर वंदे भारत उत्तम, दुपारी पोचून जेवून आरामात विमानतळ. पहाटेचं विमान असेल तर आदल्या दिवशीच निघा. वेटिंगच्या तिकिटावर ग्रुप कधीच नेऊ नका, विमान तुमच्या आरएसीची वाट बघत नाही. वीस जण आणि चाळीस बॅगा असतील तर पार्क चौकातून थेट विमानतळापर्यंत स्वतंत्र बस करणं कधीकधी स्वस्तही पडतं आणि वयस्करांना दादरच्या जिन्यांवर बॅगा ओढाव्या लागत नाहीत.

हैदराबादचा विचार करायला लोक विसरतात. शमशाबादचं विमानतळ सोलापूरला मुंबईपेक्षा जवळ आहे, आणि आपल्या ग्रुपमध्ये तेलुगू बोलणारी निम्मी मंडळी असतातच. दोन्हीकडचे दर ताडून बघा. पुण्याहून थेट विमानं मोजक्याच शहरांना आहेत.

विमानतळावर तीन तास आधी. काउंटर साधारण उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतात. पॉवर बँक हँडबॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. हँडबॅगेतले द्रव पदार्थ १०० मिलीच्या बाटल्यांत, नाहीतर ती लोणच्याची बरणी सुरक्षा तपासणीत कचऱ्याच्या डब्यात जाणार. पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडेच ठेवा. सगळे पासपोर्ट आपल्या पिशवीत घेऊन फिरणारा लीडर मोठा जबाबदार दिसतो, पण ती पिशवी गेली की वीस जण अडकतात. तुमच्याकडे प्रती आणि मोबाइलमध्ये फोटो पुरेत.

ज्यांना व्हीलचेअर लागते त्यांची नोंद बुकिंगलाच करा. व्हीलचेअरवाल्यांना वेगळ्या वाटेने नेतात, ते ग्रुपपासून तुटतात, घाबरतात. त्यांच्यासोबत एक तरुण माणूस नेमून द्या आणि बोर्डिंग गेटवर पुन्हा नंबर म्हणायला लावा.

पायरी ८ : तिकडचे दिवस

उतरल्यावर आधी घड्याळं. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, बँकॉक दीड तास पुढे, सिंगापूर अडीच तास पुढे. मोबाइल आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ नाही, आणि ज्येष्ठ मंडळी मनगटावरच बघतात. विमान पहाटे पोचत असेल आणि हॉटेल दुपारी खोली देणार असेल, तर मधल्या वेळेचं काय हे सोलापुरातच ठरवलेलं हवं. लॉबीत सोफ्यांवर आडवा झालेला ग्रुप बघून हॉटेलवाले काही बोलत नाहीत, पण लोक तुम्हाला वर्षभर बोलतात.

दिवसाचा कार्यक्रम अर्धाच भरा. कंपनीच्या कागदावर सात ठिकाणं असतील तर चार करा. प्रत्येक थांब्यावर उतरण्याआधी तीन गोष्टी सांगायच्या : किती वाजता परत, कुठे परत, बाथरूम कुठे. तिसरी गोष्ट इतिहासाच्या माहितीपेक्षा महत्त्वाची आहे, हे पन्नाशीपुढच्या बायकांचा ग्रुप नेला की कळतं. बऱ्याच बायका बाथरूम मिळणार नाही या भीतीने पाणीच पीत नाहीत, आणि संध्याकाळी चक्कर येते. म्हणून बसमध्ये चढतानाच 'दीड तासाने थांबणार आहोत' हे सांगून टाका. युरोपात हायवेवरच्या स्वच्छतागृहांना पैसे पडतात, नाणी जवळ ठेवा.

बसमधल्या पुढच्या सीटवरून भांडणं होतात, हसू नका, होतातच. रोज दोन रांगा मागे सरकायचं असा फिरता क्रम पहिल्या दिवसापासून लावा.

गाईडचं काम गाईडला करू द्या. थायलंडमध्ये तर गाईडचं काम कायद्याने थाई नागरिकांसाठीच राखीव आहे. तुम्ही रस्त्यावर उभं राहून ग्रुपला माहिती देऊ लागलात तर अडचणीत याल. गाईडचं इंग्रजी किंवा हिंदी झालं की बसमध्ये मराठीत, हवं तर कन्नड-तेलुगूत, दोन वाक्यांत सार सांगा. युरोपात ड्रायव्हरच्या तासांचा नियम आहे : साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती, आणि दिवसाला साधारण नऊ तासच. "भाऊ, अजून एक ठिकाण दाखव की" ही विनंती तिथे चालत नाही, त्याला दंड बसतो.

कपड्यांचं आदल्या रात्री सांगा. बँकॉकच्या ग्रँड पॅलेसला खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. अबुधाबीच्या शेख झायेद मशिदीत बायकांनी डोकंही झाकायचं, आपल्या काकूंचा पदर तिथे कामी येतो. दुबई मेट्रोत काही खाल्लं तर १०० दिरहम दंड, म्हणून चिवड्याची पुडी स्टेशनबाहेर संपवायची. रस्ता कुठूनही ओलांडायची सात रस्त्यावरची सवय विमानतळावरच सोडा.

रात्री झोपण्याआधी ग्रुपवर एकच आवाजी मेसेज टाका : उद्या किती वाजता उठायचं, नाश्ता किती वाजता, निघणं किती वाजता, काय घालायचं. लिहिलेला लांब मेसेज चष्मा शोधून कोणी वाचत नाही.

पायरी ९ : काही घडलंच तर

कोणी चुकलं तर त्याने हलायचं नाही, जिथे आहे तिथेच उभं राहायचं. शोधणारा एकच असतो, हरवलेला हलत राहिला तर दोघं एकमेकांना शोधत फिरतात. प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचं कार्ड, गळ्यातल्या पट्टीत तुमचा तिथला नंबर. बाकीच्या ग्रुपला घेऊन शोधायला जाऊ नका, त्यांना गाईडबरोबर एका जागी बसवा.

पासपोर्ट हरवला तर आधी स्थानिक पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. तिथे भारतात परतण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. त्यासाठी पोलिस तक्रारीची प्रत, पासपोर्टची प्रत आणि फोटो लागतात, म्हणून प्रत्येकाचे चार-चार फोटो तुमच्या पाकिटात ठेवा. काही देशांत बाहेर पडण्यासाठी तिथल्या इमिग्रेशनची परवानगीही घ्यावी लागते, त्यात दिवस जातो. अशा माणसाजवळ घरचं एक माणूस ठेवून ग्रुप पुढे न्यायचा की सगळ्यांनी थांबायचं, याचं उत्तर आधीच्या बैठकीत ठरलेलं बरं. माझं मत, ग्रुप पुढे न्यावा.

आजारपणात विम्याच्या मदत क्रमांकावर हॉस्पिटलमध्ये जाण्याआधी किंवा जाताजाता फोन करा, नंतर नाही. प्रत्येक कागद आणि बिल जपून ठेवा. युरोपात कुठेही ११२, अमिरातीत पोलिस ९९९ आणि रुग्णवाहिका ९९८, सिंगापूरला रुग्णवाहिका ९९५, थायलंडमध्ये पर्यटक पोलिस ११५५. घरच्यांना कळवायचं काम तुमचं. ग्रुपमधल्या इतरांनी परस्पर फोन केले की सोलापुरात चक्कर येण्याचं हार्ट अटॅक होतं.

पायरी १० : सोनं, आणि परतीचा हिशोब

दुबईला गेलेल्या बायका तिथल्या डेरा भागातल्या सोन्याच्या बाजारात जाणारच. 'बाईला चाळीस ग्रॅम माफ असतं' हे वाक्य आपल्याकडे पक्कं बसलेलं आहे. ते अर्धवट आहे. दागिन्यांची ती सवलत एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे, सहा दिवसांच्या सहलीसाठी नाही. सहलीत घेतलेलं सोनं जाहीर करून त्यावर शुल्क भरावं लागतं. बिल जपा, आणि ग्रुपमधल्या कोणी 'माझी बांगडी जरा तू घाल' म्हणून दुसरीला देऊ लागलं तर तिथेच थांबवा. स्वतःचे भारी दागिने घालून जाणाऱ्यांनी जातानाच मुंबई विमानतळावर कस्टमकडून दागिन्यांचा निर्यात दाखला घ्यावा, म्हणजे येताना ते नवे नाहीत हे दाखवता येतं. त्याहून सोपं म्हणजे दागिने घरी ठेवून जाणं. मंगळसूत्र आणि दोन बांगड्या पुरेशा आहेत, हे मी दर बैठकीत सांगतो आणि दर वेळी एक तरी काकू चपलाहार घालून येतेच.

परतल्यावर आठवड्याच्या आत पुन्हा एकत्र बसा. टिपसाठी जमा केलेल्या पैशांतले उरलेले, न वापरलेल्या तिकिटांचा परतावा, कोणाकडून काय येणं आहे, सगळं कागदावर मांडा आणि उरलेली रक्कम जागेवरच वाटा, पन्नास रुपये निघाले तरी. टीसीएसचे दाखले कंपनीकडून मागवून ज्याचे त्याला द्या. विम्याचा दावा असेल तर त्याची कागदपत्रं याच बैठकीत गोळा करा, कारण दावा दाखल करायला मुदत असते आणि बिलं हरवायला एक आठवडा पुरतो. फोटो कोणी कोणाला पाठवायचे यावर तासभर जाईल, तो जाऊ द्या.